एकोणीस तारखेची येळवस

टेपचं एक टोक बांबूला अडकवून दीपमाला मैदानाच्या पलीकडं निघाली होती. तोंडानं मीटर मोजत होती आणि डाव्या हातातलं पेन टकटक वाजवत होती. तेवीस झाले, चोवीस झाले... आणि टेप मागं ओढली जायला लागली. तिनं जोर लावला, तर तिकडूनही जोर लागला. वळून बघते तर तिचा बांबू चालायला लागलेला. एका उंच माणसाच्या खांद्यावर, अगदी आरामात, टेम्पोकडं.

“ओ... अहो, बांबू ठेवा खाली. माझी मोजणी चाललीय.”

तो थांबला. बांबूला लटकलेली पिवळी टेप त्यानं बघितली, मग टेपच्या दुसऱ्या टोकाची पोरगी बघितली. टेपपेक्षा पोरीला जरा जास्तच वेळ दिला म्हणायचा.

“मोजणी तुमची असंल मॅडम. बांबू माझा हाय.”

“आणि मैदान शाळेचं आहे.”

“व्हय की. मी कुठं म्हणलं मैदान माझं?” त्यानं बांबू खाली टेकवला आणि टेपचं टोक स्वतःच्या हातात घेतलं. “धरतो. सांगा, किती मोजायचंय?”

“सगळं.”

“सगळं मोजून काय करणार?”

“शेत.”

तो हसला. त्याचं हसणं दीपमालाला आवडलं नाही. म्हणजे हसण्याचं कारण आवडलं नाही, हसणं तसं बरं होतं.

“धाराशिवात, भर वस्तीत, शेत? बरं. पण ते पेन जरा गप बसवता का? मघापासून वाटतंय कुणीतरी माझ्या कानात टाके घालतंय.”

पेन गप बसणं शक्यच नव्हतं. दीपमालाचा जीवच मुळी एका जागी ठरणारा नव्हता. लहानपणी जेवताना ती तीनदा ताटावरनं उठायची. माकणीची पोर, शेतीचं शिक्षण घेऊन पुण्याला गेली, तीन वर्षांत चार खोल्या बदलल्या. आता पुण्यातल्याच एका संस्थेनं तिला इकडं पाठवलं होतं. संस्था शहरातल्या शाळांना शेत करून देत होती, आणि मुलींच्या या शाळेमागं वीस गुंठे मैदान मोकळं पडलं होतं. अट एवढीच की भोवतालच्या लोकांना ते शेत मनापासून हवं असलं पाहिजे. घरोघरी जाऊन मतं विचारायची, कागदावर उतरवायची, मग सगळ्यांची सभा घ्यायची. सभेला शंभर माणसं तरी यायला हवीत. नाही आली, तर शेत जालन्याच्या एका शाळेला मिळणार होतं, आणि शेताबरोबर दीपमालाही तिकडंच जाणार होती.

पहिल्या आठवड्यात पाचवीतल्या एका मुलीनं तिला विचारलं होतं, “बाई, भुईमुगाच्या शेंगा झाडाला वर लागतात का खाली?” ज्या जिल्ह्यात निम्मी माणसं शेतात राबतात तिथल्या मुलीनं हे विचारावं, हे दीपमालाच्या मनाला लागलं होतं. तेव्हापासून तिला हे शेत इथंच हवं होतं. जालना तिला नकोच होता.

आणि या सगळ्याच्या मधोमध बांबू होते. बांबू, लोखंडी पाइप, कनाती, लाल गालिच्यांची गुंडाळी. ते सगळं विरुपाक्षचं. त्याचा मंडपाचा धंदा होता, आणि मुख्याध्यापक बिभीषण सरांनी त्याला मैदानात सामान ठेवायची मुभा दिली होती. बदल्यात तो स्नेहसंमेलनाचा मांडव फुकट टाकायचा. शेत झालं की सामान उचलावं लागणार, आणि ऐन लग्नसराईत एवढे बांबू ठेवायला शहरात जागा कुठली?

दुसऱ्याच दिवशी बिभीषण सरांच्या खोलीत सभेची तारीख ठरली. सर, दीपमाला आणि विरुपाक्ष, तिघंच होते. पुण्याच्या मॅडमना डिसेंबरातला एकच दिवस मोकळा होता.

“एकोणीस तारीख, शुक्रवार, सकाळी अकरा,” दीपमाला म्हणाली.

“फस्क्लास,” सर म्हणाले. “शुक्रवार म्हणजे चांगला वार.”

विरुपाक्षनं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाला, “मांडव मी टाकतो. फुकट.”

दीपमालाला त्याचा मोठेपणा वाटला. काय वाटायचं ते वाटो बिचारीला.

मतं गोळा करायला तो तिच्याबरोबर यायला लागला. तिनं बोलावलं नव्हतं. “माझ्या बांबूंना हलवणार, तर कुणाकुणाच्या मतानं हलवणार ते तरी बघतो,” म्हणायचा. पण त्याच्याशिवाय तिचं काही खरं नव्हतं. गल्लीत कुणाच्या लग्नात किती पंगती उठल्या, कुठला नवरदेव घोड्यावरनं पडला, सगळं त्याला पाठ. तो दारात उभा राहिला की दार उघडायचं, चहा यायचा, आणि मगच दीपमालाचा कागद निघायचा.

कागदावर तीन प्रश्न होते. शाळेत शेत हवं का? त्यात काय पिकावं? आणि शेतासाठी तुम्ही काय द्याल?

ज्यांची गावाकडं जमीन होती ती माणसं भराभरा बोलायची. “शेत सुटावं म्हणून तर इथं घर बांधलं, ताई.” “डास होतील.” “पोरी शिकायला पाठवतो, खुरपायला न्हाई.” आणि शाळेच्या मागच्या गल्लीत, जिथं रिक्षावाले, शिंपी, पापड लाटणाऱ्या बायका राहायच्या, तिथं सगळे एकच सांगायचे. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या कमलबाई तर कागदाकडं बघायलाही तयार नव्हत्या. “आमाला काय कळतंय त्यातलं? ज्येंच्याकडं शेतं हायत त्येंला इचारा.”

दीपमाला बाहेर येऊन पेन वाजवत बसायची. चौऱ्याऐंशी घरं झाली, त्यातली एकोणीस घरं हो म्हणाली, आणि त्या एकोणिसांतली निम्मी विरुपाक्षच्या भिडेखातर.

“चला, गुलाबजाम खाऊ,” एकदा तो म्हणाला. “धाराशिवात येऊन गुलाबजाम न खाता कुणी एवढं तोंड पाडत न्हाई.”

“मला भूक नाहीय.”

“भुकेनं कोण खातंय? ते दुःखानं खायचं असतं.”

दुकानात कोपऱ्यातल्या बाकड्यावर दोघं बसली. दीपमाला म्हणजे अर्धी बसलेली, अर्धी उठलेली. त्यानं टेबलावरचं तिचं पेन उचललं आणि स्वतःच्या खिशाला लावलं.

“द्या इकडं.”

“एक गुलाबजाम होईस्तोवर माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. बघू, पेन न वाजवता कशा दिसता ते.”

“कशी दिसते?”

त्यानं बघितलं. चमच्यातला पाक परत वाटीत गेला तरी बघतच होता. मग एकदम वाटीशी बोलल्यासारखा म्हणाला, “...वाजवत जावा. तेच बरं हाय.”

त्या दिवशी दीपमालानं दोन गुलाबजाम खाल्ले. घरी जाताना तिच्या ध्यानात आलं की पेन मागायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून परत दिलं. खिशाच्या उबेनं ते कोमट झालं होतं, आणि आता त्या कोमट पेनानं तिला रात्रभर का छळावं ते तिचं तिलाच माहीत.

मागच्या गल्लीतलं शेवटचं घर त्याचंच होतं. दारात त्याची अव्वा, म्हणजे आई, शिवम्मा, शेंगा फोडत बसली होती. कपाळाला आडवं भस्म, बोलणं थोडं, नजर मात्र पोरीच्या पायापासून केसापर्यंत जाऊन आलेली. दीपमालानं कागद पुढं केला.

“शाळेच्या शेतात काय पिकावं असं वाटतं मावशी तुम्हाला?”

शिवम्माच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं कागद घेतला, त्याची घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.

“सांगते मग,” एवढंच म्हणाली. आत गेली ती चहा घेऊनच बाहेर आली, पण पुन्हा बोलली नाही.

“चुकलं का माझं काही?” गल्लीत आल्यावर दीपमालानं विचारलं.

“तुमचं न्हाई,” विरुपाक्ष म्हणाला. “आमचं रान धरणात हाय. तुमच्या माकणीच्या. अव्वा लग्न होऊन आली तवा चार वर्षं तिनं ते रान केलं, मग पाणी आलं. माझा तर जन्मही झाला नव्हता. येळवसला सगळं जग शेतात जातं, आमी कुणाच्या तरी रानात पाव्हणे. अव्वा येत न्हाई. दार लावून बसते.”

दीपमालाच्या घरच्या उसाला त्याच धरणाचं पाणी होतं. लहानपणापासून ती त्या पाण्याकाठी खेळली होती, पण पाण्याखाली कुणाचं काय आहे हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी आपल्या भागात शहरात चिटपाखरू सापडत नाही. दुकानं बंद, रस्ते ओस. जो तो आपल्या शेतात. ज्वारीच्या कडब्याची कोप उभी करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, कडधान्य-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि वाटेनं जाईल त्याला हाक मारून जेवू घालायचं. घरची लक्ष्मी, म्हणजे सून किंवा घरधनीण, आंबिलीनं भरलेली बिंदगी, म्हणजे मातीचं गोल भांडं, डोक्यावर घेऊन शेतात जाते. दीपमालानं आईला फोन करून कधीच सांगून ठेवलं होतं की यंदा येळवसला मी घरीच येते, भज्जी दोन वाट्या जास्त कर.

“मी तर जाणारच आहे येळवसला,” ती त्याला म्हणाली. “तुम्ही पण चला आमच्या शेतात. मावशींनाही आणा.”

विरुपाक्ष तिच्या तोंडाकडं बघत राहिला. काहीतरी व्हायची वाट बघितल्यासारखा. काही झालं नाही. तिनं पेन वाजवलं आणि पुढच्या गल्लीची यादी काढली.

सतरा तारखेला संध्याकाळी आईचा फोन आला.

“शुक्रवारी कितीच्या गाडीनं येणार गं?”

“शुक्रवारी कसं येऊ आई? शुक्रवारी माझी सभा आहे. एकोणीस तारखेला.”

“आन येळवस?”

“येळवसला येतेय की.”

“अगं येडे,” आई सावकाश म्हणाली, “येळवस शुक्रवारीच हाय.”

आता याला काय म्हणावं? माणसाच्या डोक्यात दोन कॅलेंडरं असतात. एकात तारखा, दुसऱ्यात तिथ्या, आणि दोघांची कधी गाठ पडत नाही. दीपमालानं चारशे पत्रकं वाटली होती. चारशेतला एकेक जण “येतो की एकोणीसला” म्हणाला होता, आणि त्याच तोंडानं घरी जाऊन “येळवसला शेतात जायचंय” असंही म्हणाला होता. कुणी खोटं बोललं नव्हतं. दोन्ही दिवस एकच आहेत, एवढंच कुणाच्या टाळक्यात आलं नव्हतं.

बिभीषण सरांना फोन लावला तर पलीकडं नुसता कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. “मी सुद्धा गाडी सांगून ठेवलीय हो शेतात जायला,” ते रडवेल्या आवाजात म्हणाले. पुण्याच्या मॅडमना फोन लावला. त्या एकोणीसला इथून तशाच पुढं जालन्याला जाणार होत्या आणि तिथंच निकाल सांगणार होत्या. दिवस बदलणं शक्य नव्हतं.

दीपमाला पळतच मैदानात गेली. विरुपाक्ष कनातीची घडी घालत होता.

“एकोणीसला येळवस आहे,” ती धापा टाकत म्हणाली. “ऐकताय ना? सगळं गाव शेतात असणार. एक माणूस येणार नाही. आपण सगळे इतके कसे...”

त्यानं कनात खाली ठेवली. मान काही वर केली नाही.

“तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“कधीपासून?”

“तारीख ठरली त्याच दिवशी. भिंतीवर अमावस्येचा काळा ठिपका दिसत होता की. मला वाटलं सभा फसंल, बांबू वाचतील. त्या वक्ताला मला तुम्ही... म्हणजे, त्या वक्ताला फक्त बांबूच होते.”

“आणि नंतर? इतके दिवस माझ्याबरोबर दारोदार फिरलात... हसलात...”

दीपमालाला रडायचं नव्हतं म्हणून ती भांडायला बघत होती, पण तेही जमेना. हातातलं पेन तिनं बांबूंच्या ढिगावर ठेवलं आणि ती निघून गेली.

पुढचा दिवस कसा गेला ते तिचं तिलाच ठाऊक. सकाळी बॅग भरली, दुपारी उपसली, संध्याकाळी पुन्हा भरली. चार घरं फिरून आली, “अर्धा तास तरी थांबा, मग जा शेतात,” म्हणून बघितलं. लोक तिच्याकडं दयेनं बघत होते. येळवसला कुणी उशिरा जातं का? हात सारखा पेन शोधत होता आणि पेन नव्हतं. विरुपाक्षचे सहा फोन आले. तिनं एकही उचलला नाही, पण सातवा का येत नाही म्हणून मात्र तीनदा मोबाइल बघितला.

शुक्रवारी सकाळी ती शाळेकडं निघाली तेव्हा रस्त्यावर एक कुत्रं आणि थंडी सोडली तर कुणी नव्हतं. मॅडमना तोंड दाखवायचं, दोन शब्द ऐकायचे, मोकळं व्हायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. शाळेच्या मागच्या फाटकातून आत शिरली आणि तिथंच थबकली.

मैदान मोकळं झालं होतं. उरलेले बांबू, पाइप, कनाती, गालिचे, सगळं भिंतीकडेला नेटकं रचलेलं. मुलींनी ऑक्टोबरात कौतुकानं हरभरा आणि मेथी पेरलेले चार वाफे होते, आजवर बांबूंच्या आड दडलेले. ते आता उन्हात हिरवेगार दिसत होते. आणि वाफ्यांच्या कडेला कोप उभी होती. विरुपाक्षचे बांबू, त्याला कडब्याच्या पेंढ्या लावलेल्या, आत चुन्याचे पाच दगड. ताज्या कडब्याचा वास सगळ्या मैदानात भरला होता. रिक्षावाले सलीमभाई चूल मांडत होते, आणि कमलबाई मेथी खुडत होत्या.

“या बाई,” कमलबाई म्हणाल्या. “काल विरू समद्या गल्लीत फिरला. म्हणला, ज्येला शेत न्हाई त्येनं उद्या शाळेत यायचं. आता शेत तर कुणालाच न्हाई आमच्याकडं. तवा समदीच येणार.”

दीपमाला एवढी घरं फिरली होती, पण येळवसच्या दिवशी या गल्लीतली माणसं कुठं जातात हे तिनं एकाही घरी विचारलं नव्हतं.

विरुपाक्ष कोपेमागून आला. डोळे तारवटलेले, केसात कडबा.

“अव्वानं बोलावलंय तुम्हाला,” तो म्हणाला. “माझ्यावर राग ऱ्हाऊ द्या. पण तिच्याकडं जावा.”

शिवम्माचं दार आज उघडं होतं. उंबऱ्यात बिंदगी ठेवलेली, काठोकाठ आंबील, वर पानाचं झाकण.

“गुडघे धरलेत माझे,” शिवम्मा म्हणाली. “एवढी बिंदगी शाळेपतूर न्हेशील का पोरी?”

दीपमाला माकणीची होती. बिंदगी कोण उचलतं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“मावशी... लोक काय म्हणतील? मी तुमच्यातली पण नाही.”

“जातपात बघायला लोक बसलेत की. आपण आंबील बघू.” शिवम्मानं चुंबळ तिच्या डोक्यावर ठेवली. “नको वाटलं तर नको. नुस्ती बिंदगी हाय.”

दीपमालानं मान खाली केली आणि बिंदगी डोक्यावर घेतली.

घरापासून शाळेपर्यंत दोनशे पावलं असतील. पहिल्या दहा पावलांतच तिला कळलं की घाईत चालता येणार नाही. बिंदगी काठोकाठ भरलेली, आणि वाटेत टेकवायची नसते. जन्मात पहिल्यांदा ती इतकी हळू चालत होती. विरुपाक्ष बाजूला येऊन चालायला लागला.

“आता तुम्हाला पळता येणार न्हाई,” तो म्हणाला, “म्हणून आत्ताच बोलतो.”

“हे बरं नव्हे—”

“मान हलवू नका. सांडंल.”

तिनं मान ताठ धरली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याचा नुसता खांदा दिसत होता.

“रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. आन रोज वाटायचं, सांगितलं तर ही माझ्याशी बोलायची न्हाई. मग उद्या सांगू म्हणायचो. चौदा दिवस नुसतं उद्याच. त्या दिवशी तुम्ही म्हणलात, येळवसला आमच्या शेतात या... मला वाटलं आता ध्यानात येईल तुमच्या, सुटलो मी. तुमच्या आलंच न्हाई.” त्यानं वाटेतला दगड पायानं बाजूला सारला. “चुकलो. बांबूसाठी तुमचं शेत बुडवायला निघालो होतो. पहिल्यांदा मला शेत नको होतं. मग तुम्ही हव्याशा वाटायला लागला. आता मला दोन्ही पाहिजेत, आन एकही मागायला तोंड न्हाई.”

दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळे नव्हते.

“आंबील सांडली ना,” ती कशीबशी म्हणाली, “तर तुमच्यामुळं सांडेल.”

“सांडू नका. अव्वा मला घरात घ्यायची न्हाई.”

तिला हसू आलं. बिंदगी डुगडुगली, एक थेंब कपाळावर आला, आणि त्यानं तो रुमालानं टिपला.

अकराला पुण्याच्या मॅडमची गाडी आली. “शहर बंद आहे का आज?” त्या उतरत म्हणाल्या, आणि मैदान बघून तिथंच थांबल्या. माणसं येतच होती. शिंपी आले, त्यांच्या म्हाताऱ्या आल्या, पापडवाल्या बायका उंड्यांची पातेली घेऊन आल्या. शंभर कधीच मागं पडले. शिवम्मानं कोपेभोवती आंबील शिंपडली, हाळी दिली, आणि कितीतरी वर्षं दार लावून बसलेल्या बाईचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. मग तिनं कमरेची पिशवी उघडली आणि घडी घातलेला कागद दीपमालापुढं धरला.

“आता लिही. भज्जीला लागतं ते समदं पेरा. हरभरा, तूर, वाटाणा, मेथी, कांद्याची पात. आन ह्या कोपऱ्यात दरसाल कोप.”

“आमच्या नावानं भुईमूग लिवा,” मागून कमलबाई म्हणाल्या. “माझ्या नातीला शेंग कुठं लागते ते दाखवायचंय.”

“मिरच्या,” सलीमभाई म्हणाले. “भाजी तोडायला रोज सकाळी मी येईन, ते बी लिवा.”

‘आमाला काय कळतंय’ म्हणणारी माणसं एकमेकांना मागं सारून बोलायला लागली. कुणाला शेळीला घास हवा होता, कुणाला पोरीच्या हातात खुरपं द्यायचं होतं. मॅडम स्वतः लिहायला बसल्या. दुपारी बिभीषण सर शेतातून तसेच आले, चपलांना चिखल, हातात ऊस. त्यांच्यामागं परतणारी जमीनवाली माणसंही भिंतीशी थांबली, डोकावली, आणि जेवायला बसली. भज्जीची तिसरी वाटी संपवून मॅडम म्हणाल्या, “जालन्याला मी फोन करते. त्यांचं पुढच्या वर्षी बघू.”

उन्हं कलली. दीपमाला बिंदगी धुऊन घेऊन आली तेव्हा विरुपाक्षनं तिच्यापुढं एक कागद धरला, आणि कागदावर तिचं पेन.

“माझं मत ऱ्हायलं होतं.”

पहिल्या दोन प्रश्नांपुढं ‘हो’ आणि ‘अव्वा म्हणेल ते’. शेतासाठी तुम्ही काय द्याल, याच्यापुढं लिहिलं होतं: ‘कुंपणाला लागतील तेवढे बांबू. आणि टेपचं एक टोक धरायला माणूस, कायमचा.’

तिनं दोनदा वाचलं. पेन हातात होतं, पण वाजलं नाही. तेवढ्यात मोबाइल वाजला. माकणीहून आई.

“येळवसला आली न्हाईस ते न्हाईस,” आई म्हणाली, “आन धाराशिवात बिंदगी कुणाची उचललीस गं? लोहाऱ्याच्या एसटीनं आलेल्या एका बाईनं सांगितलं आमच्या आळीत. आबा कवाचे अंगणात येरझाऱ्या घालतायत. कोण हाय त्यो?”

विरुपाक्षनं ते ऐकलं असावं, कारण त्याचा चेहरा पांढरा पडला. “उद्या सांगते म्हणा,” तो कुजबुजला. “उद्या मी येतो संगं...”

दीपमालानं त्याच्याकडं बघून मान हलवली. आता डोक्यावर बिंदगी नव्हती, मान मनासारखी हलवता येत होती. फोनवर बोलताना ती कायम फिरत असे. आज ती बांबूंच्या ढिगावर नीट बसली आणि शेजारी त्याला जागा केली.

“उद्या नाही, आई,” ती म्हणाली. “आत्ताच सांगते. आबांनाही बोलव. त्याचं नाव विरुपाक्ष.”